फिनिक्सच्या उपनगरात घर घेताय? आधी पाणी बघा, मग पश्चिम बघा

मी अकोल्याची. "उन्हाचं काय सांगता मला," असं अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला आल्यावर पहिले सहा महिने मी भेटेल त्याला ऐकवत होते. आम्ही आलो नोव्हेंबरात, त्यामुळे ते सहा महिने मजेत गेले. मग जून उजाडला. अकोल्याचं ऊन मेअखेर कळस गाठतं, मृग लागला की उतरतं. इथे जूनमध्ये सुरुवात होते आणि सप्टेंबरपर्यंत सुटका नसते. २०२३ मध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होतं, म्हणजे आपले ४३ अंश. त्याच महिन्यात सलग १६ रात्री पारा ९० फॅरनहाइटच्या खालीही आला नाही. अकोल्यात निदान गच्चीवर अंथरूण टाकता यायचं.

त्या उन्हाळ्यानंतर आम्ही घर शोधायला लागलो, आणि दुसरीच अडचण उभी राहिली. चँडलर, गिल्बर्ट, क्वीन क्रीक, पिओरिया, सरप्राइज, बकाय, कुठेही जा, तीच बदामी भिंतींची घरं, तीच कौलं, अंगणात तीच खडी, मागे सहा फुटी ब्लॉकची भिंत. वीसेक घरं बघून झाल्यावर आम्ही त्यांना "ते निळ्या दाराचं", "ते कुत्रेवाल्यांचं" असं ओळखायला लागलो. ओटा ग्रॅनाइटचा की क्वार्ट्झचा यावर नवराबायकोत तासभर चर्चा झाली. नळाला पाणी कुठून येतं हे एकदाही विचारलं नाही. वाळवंटात घराघरांतला खरा फरक घरात दिसतच नाही. तो कुठे बघायचा, ते आमच्या चुकांच्या क्रमाने सांगते.

१. आधी नकाशा, मग घराचे फोटो

नकाशावर तुमच्या कामाच्या जागी खूण करा. इंटेलचा ओकोटिलो कॅम्पस दक्षिण चँडलरमध्ये आहे. चिप बनवणाऱ्या टीएसएमसीचा कारखाना पार उत्तर फिनिक्समध्ये, आय-१७ आणि लूप ३०३ या महामार्गांच्या जवळ. दोन्हींमध्ये चाळीसहून अधिक मैलांचं अंतर आहे. नवराबायको दोघांच्या नोकऱ्या या दोन टोकांना असतील, तर मधलं गाव शोधताना दमछाक होते.

आता एक गोष्ट, जी आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. जमलं तर घर ऑफिसच्या पूर्वेला घ्या. मग सकाळी गाडी पश्चिमेकडे जाते आणि सूर्य पाठीशी राहतो. संध्याकाळी पूर्वेकडे येता, तेव्हाही पाठीशीच. घर ऑफिसच्या पश्चिमेला असेल तर रोज दोन्ही वेळा सूर्य थेट डोळ्यांत. इथे ढग क्वचित, रस्ते सरळसोट पूर्व-पश्चिम. चार महिन्यांत कपाळाला आठ्या पडतात.

दुसरा सापळा पत्त्याचा. पत्त्यावर क्वीन क्रीक लिहिलंय म्हणून घर क्वीन क्रीक गावात असेलच असं नाही, ते फक्त पोस्टाचं नाव असू शकतं. घर कुठल्याच शहराच्या हद्दीत नसेल तर पोलीस म्हणजे काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखी) शेरीफ, आणि काही भागांत अग्निशमन सेवेची वर्षाची वर्गणी स्वतः भरावी लागते. शाळेचं डिस्ट्रिक्ट आणि शहराची हद्दही जुळत नाहीत, ती वेगळी तपासा. आणि मरिकोपा शहर मरिकोपा काउंटीत नाही, ते पिनाल काउंटीत आहे! तिथून फिनिक्सकडे यायला मुख्य रस्ता एकच, ३४७. महागणपतीचं देऊळ त्याच बाजूला असल्यामुळे रविवारी दर्शनाला जाताना तो रस्ता छान वाटतो. घर ठरवण्याआधी मंगळवारी सकाळी सात वाजता एकदा त्यावरून येऊन बघा.

२. पाणी कोण देतं आणि ते कुठून आणतं

हा प्रश्न पहिल्याच भेटीत एजंटला विचारा. "शहराचं पाणी आहे," एवढ्यावर थांबू नका.

या खोऱ्यात वर्षाला सात-आठ इंच पाऊस पडतो. बाकी सगळं बाहेरून किंवा जमिनीखालून. सॉल्ट आणि व्हर्डी नद्यांचं पाणी धरणांमधून येतं, त्यातलं रूझवेल्ट धरण १९११ चं. कोलोरॅडो नदीचं पाणी सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टच्या ३३६ मैल लांब कालव्याने येतं. त्या नदीवर टंचाई पहिल्यांदा अधिकृतपणे जाहीर झाली ती ऑगस्ट २०२१ मध्ये. तिसरा स्रोत भूजल, म्हणजे बोअरचं पाणी. जुन्या, मोठ्या शहरांकडे साधारण तिन्हींची तजवीज आहे. कडेला झपाट्याने वाढणारी गावं भूजलावर जास्त विसंबून.

१९८० च्या भूजल कायद्यामुळे या भागात नवी वसाहत टाकणाऱ्याला शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. जून २०२३ मध्ये राज्याने जाहीर केलं की फिनिक्सच्या परिसरात निव्वळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना असे दाखले मिळणार नाहीत. बकाय, क्वीन क्रीक या बाजूंना त्याची झळ जास्त बसली. ज्या घरांना आधीच मंजुरी होती त्यांचं पाणी त्यामुळे बंद झालं नाही, उगाच घाबरू नका. पण शेजारच्या मोकळ्या जमिनीवर "इथे पुढे मॉल होणार, शाळा होणार" असं सांगून कुणी भाव चढवत असेल, तर ते कुठल्या पाण्यावर, एवढं विचारा.

कायद्यात एक फटही आहे. जमिनीचे पाच किंवा कमी तुकडे पाडून विकले, तर ती वसाहत धरली जात नाही आणि शंभर वर्षांची अट लागत नाही. स्कॉट्सडेलच्या बाहेर रिओ व्हर्डी फुटहिल्स नावाची वस्ती अशीच उभी राहिली. तिथल्या शेकडो घरांना टँकरने पाणी यायचं, टँकर भरायचे स्कॉट्सडेलच्या पाण्यावर. १ जानेवारी २०२३ ला शहराने ते बंद केलं. लाखो डॉलरची घरं, आणि अंगणातल्या टाकीत किती पाणी उरलंय याचा हिशोब. आपल्याकडे टँकर म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. म्हणून "एक एकर जागा, एचओएची कटकट नाही" अशी जाहिरात दिसली की (एचओए म्हणजे वसाहतीची घरमालक संघटना) आधी पाण्याचं विचारा. बोअर असेल तर खोली किती, बोअर एकट्याची की चार घरांत मिळून, करार लेखी आहे का.

वर्षानुवर्षं उपसा झाला की जमीन खचते आणि कधीकधी तिला लांबच लांब भेगा पडतात. क्वीन क्रीक आणि सॅन टॅन व्हॅलीच्या बाजूला अशा भेगा नोंदलेल्या आहेत. ॲरिझोना जिऑलॉजिकल सर्व्हेचे त्यांचे नकाशे फुकट बघता येतात. पाच मिनिटांचं काम आहे.

याच्या बरोबर उलटं टोक म्हणजे फिनिक्स, मेसा, टेंपीतले काही जुने मोहल्ले. तिथे अजून पाटाचं पाणी येतं. हिरवळीला चारी बाजूंनी बांध, कालव्याची पाळी आली की झडप उघडायची, अंगण वीतभर पाण्याखाली. आमच्या एका सहकाऱ्याची पाळी एकदा पहाटे अडीचला आली होती. "तुमच्याकडे असं कधी बघितलंयस?" असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, मामाच्या मळ्यात हेच बघत वाढले. अशा मोहल्ल्यात भर उन्हाळ्यातही सावली दाट असते आणि संध्याकाळी चालताना गारवा जाणवतो.

३. दिशा: वास्तुशास्त्राची आणि वाळवंटाची

सासूबाईंचा दर रविवारचा प्रश्न: "दार पूर्वेलाच आहे ना गं?" ॲरिझोना घड्याळ पुढेमागे करत नाही, त्यामुळे भारताशी बारा महिने साडेबारा तासांचंच अंतर. त्यांचा फोनही बारा महिने आमच्या सकाळी ठीक साडेआठलाच.

पूर्वमुखी घराची गंमत अशी की दार पूर्वेला म्हणजे घराची पाठ पश्चिमेला. इथल्या घरांत सगळ्या मोठ्या काचा, सरकती दारं, पॅटिओ हे पाठीमागेच असतं. जूनअखेर सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो. म्हणजे दुपारी एकपासून संध्याकाळपर्यंत तिरपं ऊन थेट दिवाणखान्यात. पॅटिओचं छप्पर डोक्यावरचं ऊन अडवतं, समोरून येणारं नाही. आम्ही असं एक घर जवळजवळ पक्कं केलं होतं. पुन्हा बघायला गेलो ते जुलैत, संध्याकाळी पाच वाजता. मागच्या दाराच्या हँडलला हात लावला आणि पटकन मागे घेतला. एसी सुरू होता, तरी काचेपासून चार फुटांवर उभं राहवेना. घरमालकांनी सोफा भिंतीला चिकटवून का ठेवला होता ते तेव्हा कळलं.

इथल्या जाणकारांची पसंती उत्तर-दक्षिण घरांना असते, आणि घरांच्या यादीत ती माहिती वेगळी दिलेली असते. एजंटला त्यावर चाळणी लावायला सांगा. दार उत्तरेला असेल तर पाठ दक्षिणेला येते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा पॅटिओचं छप्पर पुरतं. हिवाळ्यात कोवळं ऊन आत येतं. दार दक्षिणेला असेल तर मागचं अंगण उन्हाळ्यातही बरंचसं सावलीत. पश्चिमेला काही यायचंच असेल तर गॅरेज येऊ दे.

आम्ही उत्तरमुखी घेतलं. सासूबाईंना म्हटलं, कुबेराची दिशा. त्या खूश.

वीज कंपनी निवडता येत नाही. घर एसआरपीच्या भागात की एपीएसच्या, हे पत्त्यावर ठरतं. संध्याकाळच्या ठरावीक तासांत वीज महाग पडणाऱ्या योजना दोन्हींकडे आहेत. त्यामुळे सरासरी बिल विचारू नका, जुलै आणि ऑगस्टची बिलं मागा. जानेवारीचं बिल दाखवणारे खूप भेटतात.

४. मागच्या भिंतीपलीकडे काय आहे

एका नव्या वसाहतीच्या विक्री कार्यालयात आम्हाला काही हजार डॉलर जादा सांगितले. कारण? "मागे उघडं वाळवंट, कायमचा नजारा." सग्वारो निवडुंग उभे होते, मागे डोंगर, आम्ही पाघळलो. घरी येऊन नवऱ्याने काउंटी असेसरच्या, म्हणजे मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर नकाशा उघडला आणि त्या मोकळ्या तुकड्यावर क्लिक केलं. मालक: ॲरिझोना राज्य.

सरकारी जमीन म्हणजे राखीव, असं आपल्याला वाटतं. इथे तसं नाही. १९१२ मध्ये ॲरिझोना राज्य झालं तेव्हा शाळांसाठी म्हणून प्रचंड जमीन राज्याला मिळाली; तिला स्टेट ट्रस्ट लँड म्हणतात. ती पडून राहण्यासाठी नाही, लिलावात विकून किंवा भाड्याने देऊन शाळांना पैसा मिळवण्यासाठी आहे. म्हणजे त्या कायमच्या नजाऱ्यावर उद्या घरं येऊ शकतात. मागे काउंटीचं रीजनल पार्क किंवा टोंटो नॅशनल फॉरेस्ट असेल तर गोष्ट वेगळी. त्याला जादा पैसे मोजायला हरकत नाही.

त्याच बैठकीत शहराचा झोनिंगचा, म्हणजे कुठे काय बांधता येईल त्याचा, नकाशाही बघून घ्या. आज शेत दिसतं तिथे उद्या सहापदरी रस्ता असेल. ग्लेनडेलजवळ ल्यूक हवाई तळ आहे, तिथून एफ-३५ लढाऊ विमानं उडतात, पश्चिमेकडची घरं शनिवारी बघून "किती शांत आहे!" म्हणणारे सोमवारी दचकतात.

मागे कोरडा ओढा असेल, त्याला इथे वॉश म्हणतात, तर त्याला ओढाच समजा. वर्षातले साडेतीनशे दिवस तो निव्वळ वाळू असतो. मॉन्सूनमध्ये वीस मैलांवर पाऊस पडला की इथे लोंढा येतो. बंद केलेल्या रस्त्यावरच्या पाण्यात गाडी घालून अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा कायदा आहे. त्याचं रुळलेलं नाव "मूर्ख चालक कायदा" असंच आहे. घर पूररेषेत येतं का, हे काउंटीच्या नकाशावर दिसतं.

५. एकाच घराला तीन वेळा जा

दुपारी चारला: शक्यतो जून ते ऑगस्ट. फूटपाथवर दहा मिनिटं चाला. सावली किती लागते ते मोजा. पोरं बाहेर नसतील, त्यावरून "इथे मुलंच नाहीत" असा निष्कर्ष काढू नका.

पहाटे: खिडक्या उघड्या ठेवून आसपास गाडी फिरवा. गिल्बर्ट, क्वीन क्रीक, बकाय ही मुळात शेतीची आणि दुभत्या गुरांची गावं. काही कोपऱ्यांवर पहाटेच्या दमट हवेत गोठ्याचा वास येतो. मला त्याने घरची आठवण येते, सगळ्यांना येईलच असं नाही. पावसानंतर मात्र इथे जो वास सुटतो तो मातीचा नव्हे, क्रिओसोट नावाच्या झुडपाचा. काहीसा औषधी, डांबरासारखा. पहिल्यांदा मी गॅस गळतोय म्हणून घाबरले होते. आता वाट बघते.

रात्री: हे सगळ्यात महत्त्वाचं. वीसेक डॉलरची जांभळ्या प्रकाशाची यूव्ही विजेरी घ्या आणि घरमालकाच्या परवानगीने मागच्या भिंतीच्या कडेने फिरा. विंचू या प्रकाशात पोपटी चमकतात. एका घरी आम्ही विजेरी लावली आणि भिंतीच्या सांध्यात एक, नळाजवळ एक, पामच्या खोडावर दोन असे ठिपके पेटले. एजंट बाई तिथूनच गाडीत जाऊन बसल्या. इथला बार्क विंचू लहान, फिका आणि भिंतीवर सरसर चढणारा. क्रेडिट कार्डाच्या जाडीची फट त्याला पुरते. एखादा दिसला म्हणून घर सोडू नका, वॉशजवळ किंवा नवीन खोदकामाजवळ ते असणारच. पण दारांच्या फटी बुजवण्याचा आणि कीटकनाशक मारणाऱ्याचा दरमहा खर्च धरा, आणि घरात रांगतं मूल असेल तर हा मुद्दा यादीत वर घ्या.

धुळीचंही याच फेऱ्यांत बघा. पडीक शेत किंवा चालू बांधकाम लागून असेल तर मॉन्सूनमध्ये हबूब, म्हणजे धुळीचं प्रचंड वादळ, येतो तेव्हा ती माती तुमच्या घरात येते. या मातीत एक बुरशी असते, तिच्यामुळे व्हॅली फीव्हर नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. बहुतेकांना सौम्य होतो आणि माणसाकडून माणसाला लागत नाही. पण खोकला आठवडेच्या आठवडे हटला नाही तर डॉक्टरांकडे हे नाव स्वतःहून काढा.

६. घराच्या पोटात

एसीचं वय बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर छापलेलं असतं, फोटो काढा. दहाबारा वर्षांपुढचा असेल तर नव्याचे पैसे बाजूला ठेवून भाव करा.

कौलं बघून फसू नका. कौलं पन्नास वर्षं टिकतील, पण खरं पाणी अडवतो तो त्यांच्याखालचा कागदी थर, आणि या उन्हात तो वीसेक वर्षांत भाजून जातो. २००० च्या आसपासचं घर असेल तर थर बदललाय का, कधी, पावती आहे का, हे विचारा.

वाळवी सर्रास आहे. पाणी जड आहे, नळावर पांढरे थर बसतात. गॅरेजमध्ये सॉफ्टनरसाठी नळजोड सोडलेला आहे का बघा. जुन्या घराच्या छतावर कूलर दिसला तर मला भरून येतं. पण तो इथेही आपल्यासारखाच वागतो: मॉन्सूनची दमट हवा आली की नुसता ओला वारा.

७. एचओए आणि कर

एचओएची मासिक रक्कम विचारून लोक थांबतात. नियमावली वाचा. अंगणात गवताची दोन पाती उगवली म्हणून चिठ्ठी येऊ शकते, दाराला कोणता रंग लावायचा ते ठरलेलं असू शकतं. गॅरेजबाहेर रांगोळी काढणार असाल तर हरकत घेतील का, हे मी आधीच लेखी विचारून घेतलं. पुसली जाणारी असेल तर चालेल, असं उत्तर आलं. शिल्लक निधी किती, हेही बघा. तो आटलेला असेल तर पोहण्याच्या तलावाच्या दुरुस्तीचा खर्च अचानक घरटी वाटला जातो.

नव्या घराचा मोठा सापळा: पहिल्या वर्षी मालमत्ता कर बहुधा मोकळ्या जमिनीवर आकारलेला असतो. त्यावरून बँक हप्ता ठरवते. घर पूर्ण धरून कर आला की हप्ता एकदम वाढतो आणि मागची तूटही भरावी लागते. शिवाय ईस्टमार्क, व्हराडोसारख्या आखीव वसाहतींत रस्ते-गटारांसाठी काढलेल्या रोख्यांचा वेगळा कर करबिलात असतो, त्याला सीएफडी म्हणतात. एचओए वेगळं, हे वेगळं. जुनं करबिल ओळीओळीने वाचा.

८. हे मागा, हे सोबत ठेवा

विक्रेत्याकडून:
- एसपीडीएस, म्हणजे मालकाने घराबद्दल भरून दिलेली माहितीपत्रिका. रिकामे सोडलेले रकाने आधी बघा
- विम्याच्या मागच्या दाव्यांचा क्लू रिपोर्ट
- वीज आणि पाण्याची बारा महिन्यांची बिलं
- एसी, छप्पर आणि वाळवीच्या कामाच्या पावत्या
- एचओएची नियमावली, अंदाजपत्रक, निधीचा हिशोब
- शहराबाहेरचा, तुकडे पाडून विकलेला भूखंड असेल तर ॲफिडेव्हिट ऑफ डिस्क्लोजर, म्हणजे त्या जागेची माहिती देणारं विक्रेत्याचं प्रतिज्ञापत्र

नव्या वसाहतीत एक "पब्लिक रिपोर्ट" मिळतो. पाणी कुणाचं, शेजारी काय, विमानतळ किती दूर, कर कोणते, सगळं त्यात असतं. तो मिळाल्याची सही सगळे करतात, वाचत कुणी नाही. आम्हीही पहिल्यांदा नाहीच वाचला.

सोबत: यूव्ही विजेरी, फोनमधलं होकायंत्र, पाण्याची मोठी बाटली, आणि गाडीत एक टॉवेल, दुपारी स्टिअरिंगला हात लावायला लागतो.

इथल्या नेहमीच्या करारात, वेगळं ठरलं नसेल तर, तपासणीसाठी दहा दिवस मिळतात आणि ते सुट्ट्या धरून मोजतात. तेवढ्यात घर, छप्पर, वाळवी, तलाव असं सगळं बसवायचं असतं, म्हणून करार स्वीकारल्याच्या दिवशीच फोन करा. उन्हाळ्यात इन्स्पेक्टर सकाळी सहाची वेळ देतात, कारण नऊनंतर माळ्यावर चढणं जिवावरचं काम असतं. कुरकुर न करता तुम्हीही सहाला जा. ते माळ्यावरून खाली आले की त्यांना पाणी द्या आणि विचारा, वर काय दिसलं.